छोटी मिररलेस सिस्टीम घेताना: आधी लेन्स, मग माउंट, शेवटी बॉडी

मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा बॉडीपासून, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यापासून, सुरुवात करतो. बॉडी देखणी असते, हातात घेतली की मोह पडतो, आणि चर्चाही तिचीच होते. मीही असाच फसलोय. खिशात मावेल एवढी बॉडी घेतली आणि तिला हवी होती ती लेन्स निघाली अर्ध्या किलोची. कॅमेरा धरायचा म्हणजे लेन्सच धरायची. बॉडी मागे झाकणासारखी लटकलेली. सहा महिन्यांत ती जोडी घरीच राहायला लागली.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला. कोणत्या लेन्स खरोखर सोबत नेणार ते आधी ठरवायचं. त्या कोणत्या माउंटवर (बॉडीला लेन्स अडकते ती जोडणी, प्रत्येक सिस्टीमची वेगळी) हलक्या आणि सहज मिळतात ते नंतर बघायचं. बॉडी सगळ्यांत शेवटी. ‘ही सिस्टीम पुढे टिकेल का’ या प्रश्नाचं उत्तरही याच क्रमात मिळतं, कारण बॉडी चार-पाच वर्षांत बदलते आणि चांगली लेन्स पंधरा वर्षं वापरता येते.

पहिली पायरी: स्वतःच्या जुन्या फोटोंची झडती

नवं काही बघण्याआधी गेल्या वर्षभरातले आपल्याला आवडलेले शंभरेक फोटो काढा. सगळे नकोत, फक्त आवडलेले. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ (लेन्स किती रुंद किंवा किती लांबचं टिपते ते सांगणारा मि.मी.तला आकडा) नोंदलेली असते, आणि फोटो सांभाळणारी बहुतेक सॉफ्टवेअर त्यानुसार फोटो गाळून दाखवतात. फोनवरच काढत असाल तरी हरकत नाही. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मि.मी.चा कोन देतो (इथे आणि पुढे ‘कोन’ म्हणतो तेव्हा फुल-फ्रेम या मोठ्या सेन्सरच्या हिशेबातला; सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप). दोनपट झूम केलं की जवळपास ५० मि.मी.

ही मोजणी केल्यावर बहुतेकांना धक्का बसतो. ‘मला लांबचं लागतंच’ म्हणणाऱ्या माणसाचे ऐंशी फोटो २४ ते ५० च्या मधले निघतात. उलटही होतं: घराच्या बाल्कनीतून पक्षी टिपणाऱ्याला कळतं, की आपल्याजवळची सगळ्यांत लांब फोकल लेंथसुद्धा त्याने दर वेळी शेवटपर्यंत ताणली आहे आणि वर फोटो कापला आहे. पहिल्याला दोन लहान प्राइम (एकाच फोकल लेंथच्या, झूम न होणाऱ्या लेन्स) पुरतील. दुसऱ्याची निवड टेलिफोटोपासूनच (लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सपासून) सुरू व्हायला हवी.

कागदावर तीन ओळी लिहा. रोज लागणारी लेन्स. महिन्यातून एकदा लागणारी. आणि ‘असली तर बरं’ वाटणारी. पुढचा सगळा हिशेब पहिल्या दोन ओळींवर करायचा. तिसरी ओळ लिहायची ती फक्त मनाची समजूत काढायला.

दुसरी पायरी: सेन्सरचं गणित एकदाच नीट समजून घेणं

छोट्या सिस्टीमच्या वादात सर्वांत जास्त धूळ इथे उडते. आकडे मात्र सोपे आहेत. फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मि.मी., एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ मि.मी. (कॅननचा थोडा लहान), आणि मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३ मि.मी. क्षेत्रफळ काढलं तर अनुक्रमे ८६४, ३६७ आणि २२५ चौरस मि.मी.

म्हणजे फुल-फ्रेम आणि मायक्रो फोर थर्ड्स यांच्यात सुमारे दोन स्टॉपचं अंतर आहे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). एपीएस-सी आणि मायक्रो फोर थर्ड्स यांच्यात मात्र पाऊण स्टॉपच्या आसपास. ‘एपीएस-सी ठीक आहे, पण मायक्रो फोर थर्ड्स फारच लहान’ हे वाक्य म्हणूनच मला कधी पटलं नाही. पाऊण स्टॉपचा फरक थोड्या मोठ्या ॲपर्चरची (प्रकाश आत सोडणारं छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) लेन्स लावली की भरून निघतो.

कोनासाठी मायक्रो फोर थर्ड्सच्या फोकल लेंथला २ ने गुणा, एपीएस-सीच्या १.५ ने, कॅनन एपीएस-सी असेल तर १.६ ने. ॲपर्चरचं काय? एक्सपोजरसाठी (फोटो किती उजळ येतो त्यासाठी) एफ २ हे सगळीकडे एफ २ च असतं, तिथे गुणाकार नाही. पण डेप्थ ऑफ फील्ड (फोटोत पुढून मागे किती भाग स्पष्ट दिसतो ते) आणि एकूण गोळा होणारा प्रकाश यांची तुलना करायची असेल तर ॲपर्चरलाही त्याच आकड्याने गुणा. मायक्रो फोर थर्ड्सवर २५ मि.मी. एफ २, आयएसओ (प्रकाशाला दिलेली संवेदनशीलता) ८०० आणि फुल-फ्रेमवर ५० मि.मी. एफ ४, आयएसओ ३२०० असे दोन फोटो एकाच शटर स्पीडला काढले तर ते बऱ्यापैकी सारखे दिसतात, धूसर पार्श्वभूमीतही आणि नॉइजमध्येही (दाणेदारपणात).

खरी गंमत यापुढे आहे. फोकल लेंथला एफ आकड्याने भागलं की लेन्समधून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास मिळतो. ३०० मि.मी. एफ ४ म्हणजे ७५ मि.मी. ६०० मि.मी. एफ ८ म्हणजेही ७५ मि.मी. पहिली लेन्स मायक्रो फोर थर्ड्सवर आणि दुसरी फुल-फ्रेमवर लावली तर कोन तोच, गोळा होणारा प्रकाश तोच, पुढच्या काचेचा आकारही जवळपास तोच. छोटा सेन्सर जादूने लेन्स लहान करत नाही. कमी प्रकाशात भागवायची तयारी असेल तर तो तुम्हाला हलक्या लेन्सची भलीमोठी यादी समोर ठेवतो, एवढंच. फुल-फ्रेमवाल्यांनीही हे ओळखलंय. कॅननने २०२० मध्ये ६०० मि.मी. एफ ११ ही लेन्स आणली, वजन ९३० ग्रॅम. त्याच कोनाची ऑलिंपसची ७५-३०० मि.मी. लांब टोकाला एफ ६.७ असते आणि ४२३ ग्रॅममध्ये झूमही देते. छिद्राचा व्यास कॅननचा सुमारे ५४ मि.मी., ऑलिंपसचा ४५. जितकी काच, तितकं ओझं.

छोट्या फुल-फ्रेमचं आकर्षण असणाऱ्यांनी हे गणित किट लेन्सवरही (बॉडीसोबत मिळणाऱ्या लेन्सवर) करून बघावं. पॅनासॉनिकची १८-४० मि.मी. फक्त १५५ ग्रॅमची आहे, पण लांब टोकाला ती एफ ६.३ होते. प्रकाशाच्या हिशेबात हे मायक्रो फोर थर्ड्सच्या साधारण एफ ३.२ एवढंच झालं. अशा लेन्ससोबत मोठ्या सेन्सरचा फायदा लेन्सनेच खाऊन टाकलेला असतो. त्या बॉडीवर एफ १.८ ची प्राइम लावणार असाल, तरच मोठ्या सेन्सरचे पैसे वसूल.

तिसरी पायरी: बॉडी नव्हे, संच तोला

वजनाची तुलना करताना बॉडी + पहिल्या दोन ओळींतल्या लेन्स अशी बेरीज करा. निर्माते देतात ते वजन कधी बॅटरी-कार्डासह असतं, कधी नसतं, तेवढं बघून घ्या.

मायक्रो फोर थर्ड्सचा माझा नमुना-संच असा: १२-४५ मि.मी. एफ ४ (२५४ ग्रॅम), ४५ मि.मी. एफ १.८ (११६ ग्रॅम), ४०-१५० मि.मी. एफ ४-५.६ (१९० ग्रॅम). तिन्ही मिळून ५६० ग्रॅम, आणि कोन २४ पासून ३०० पर्यंत. ओएम-५ बॉडी बॅटरी-कार्डासह ४१४ ग्रॅम. अख्खा संच एक किलोच्या आत.

एपीएस-सीवर सिग्माची १८-५० मि.मी. एफ २.८ ही २९० ग्रॅमची झूम माझ्या मते या सगळ्या चर्चेतली सर्वांत शहाणी लेन्स आहे. तिच्या जोडीला सिग्माचीच ५६ मि.मी. एफ १.४, २८० ग्रॅम. दोनच लेन्समध्ये संसार चालतो. एपीएस-सीचं दुखणं टेलिफोटोत आहे: सोनीची ७०-३५० मि.मी. ६२५ ग्रॅम, फुजीची ७०-३०० मि.मी. ५८० ग्रॅम. दोन्ही लेन्स चांगल्या, पण मायक्रो फोर थर्ड्सचा तीन लेन्सचा संच तेवढ्यात बसला होता.

फुल-फ्रेम हलकं राहतं ते प्राइमवर. निकॉनची ४० मि.मी. एफ २ ही १७० ग्रॅमची, कॅननची ५० मि.मी. एफ १.८ १६० ग्रॅमची, कॅननचीच २८ मि.मी. एफ २.८ पॅनकेक (अगदी चपटी लेन्स) १२० ग्रॅमची. सोनीची २४-५० मि.मी. एफ २.८ आली की काटा ४४० वर जातो, आणि टेलिफोटो घेतली की ‘छोटी सिस्टीम’ हा शब्द वापरायचं आपणच बंद करतो.

आणि बॉडी कुठल्या सेन्सरची आहे यावरून तिचा आकार ठरतो, हा समज सोडून द्या. पॅनासॉनिकची २०१३ ची जीएम१ बॅटरीसह २०४ ग्रॅमची होती. त्याच माउंटची २०२३ ची जी९ मार्क २ आहे ६५८ ग्रॅमची, कारण ती कंपनीच्या फुल-फ्रेम बॉडीच्याच साच्यात बनली. त्याच वर्षी आलेली सोनीची फुल-फ्रेम ए७सी मार्क २ मात्र ५१४ ग्रॅमची.

चौथी पायरी: माउंटची तब्येत तपासणं

भविष्याचा प्रश्न खरा इथला. मिररलेसचा इतिहास फार जुना नाही. मायक्रो फोर थर्ड्सची घोषणा आणि पॅनासॉनिक जी१ हा पहिला कॅमेरा, दोन्ही २००८ मधले. मात्र एवढ्या काळातही वाटेत बरेच माउंट गळाले. सॅमसंग एनएक्स २०१० मध्ये सुरू झाला, काही वर्षांत बंद. निकॉन १ हा २०११ ते २०१८. पेंटॅक्स क्यू २०११ चा, आता नाही. कॅनन ईओएस एम २०१२ मध्ये आला आणि २०२३ मध्ये गुंडाळला गेला.

यांतलं ईओएस एमचं उदाहरण बारकाईने बघण्यासारखं आहे, कारण ती सिस्टीम पडेल नव्हती, तिच्या बॉडी भरपूर खपल्या. पण कॅननने तिच्यासाठी स्वतःच्या लेन्स काढल्या फक्त ८. २०१८ मध्ये कंपनीने आरएफ माउंट आणला आणि त्यात एमच्या लेन्स बसायची सोयच नव्हती. लेन्सच्या माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर एममध्ये १८ मि.मी. आहे, आरएफमध्ये २०. ज्या लेन्सला १८ मि.मी. अंतर हवं तिला २० मि.मी.च्या बॉडीवर ॲडॉप्टरने (मधल्या जोड-कड्याने) लावायला जागाच उरत नाही. म्हणजे खप नव्हे, लेन्सचा ओघ आणि पुढे जायची वाट या दोन गोष्टी बघायच्या.

म्हणून माउंट तपासताना मी स्वतःला चार प्रश्न विचारतो.

माझ्या पहिल्या दोन ओळींतल्या लेन्स आज मिळतात का? ‘पुढच्या वर्षी येणार’ अशी यादी कंपन्या दाखवतात, त्यावर पैसे लावू नका. येणारी लेन्स येईल तेव्हा येईल, तुमचे फोटो मात्र तोवर थांबणार नाहीत.

दुसऱ्या कंपन्या या माउंटसाठी ऑटोफोकस लेन्स बनवतात का? मला ही सर्वांत भरवशाची खूण वाटते. सिग्मा, टॅमरॉन किंवा विल्ट्रॉक्स यांचं भावनिक नातं कुठल्याच माउंटशी नाही. गिऱ्हाईक असेल तिथे ते जातात. सोनीने ई-माउंटची मूलभूत माहिती २०११ मध्येच इतर लेन्स-निर्मात्यांना खुली केली, त्याचं फळ आज त्या माउंटच्या यादीत दिसतं. कॅननने आरएफचं दार बरीच वर्षं बंद ठेवलं आणि २०२४ मध्ये सिग्मा व टॅमरॉनच्या एपीएस-सी लेन्सपुरतं उघडलं. तेवढ्याने कॅननच्या लहान बॉडींचं नशीब पालटलं, कारण तोवर त्यांना साजेशा लेन्स मोजक्याच होत्या.

माउंटमागे किती कंपन्या आहेत? मायक्रो फोर थर्ड्सला पॅनासॉनिक आणि ओएम सिस्टीम असे दोन आधार आहेत. ऑलिंपसने कॅमेऱ्याचा व्यवसाय विकला तेव्हा अनेकांनी या माउंटचं श्राद्धच घातलं होतं. १ जानेवारी २०२१ पासून तो चालवणारी नवी कंपनी, म्हणजेच ओएम सिस्टीम, काम करू लागली आणि नव्या बॉडीही आल्या, २०२५ ची ओएम-३ हे एक उदाहरण. एल-माउंटमागे २०१८ पासून लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा आहेत. एकाने हात काढला तरी लेन्स अनाथ होत नाहीत.

आणि शेवटचा, इथून पुढे जायची वाट आहे का? निकॉन झेड, सोनी ई आणि कॅनन आरएफ या माउंटवर लहान सेन्सरची बॉडी घेऊन पुढे फुल-फ्रेमकडे जाता येतं. पण या मुद्द्याला लोक नको एवढं वजन देतात. एपीएस-सीसाठी घेतलेल्या लेन्स फुल-फ्रेमवर लावल्या की सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो, म्हणजे लेन्स नव्याने घ्याव्या लागतातच. आणि ‘पुढे लागेल’ म्हणून आजच जड फुल-फ्रेम लेन्स लहान बॉडीला लावणं हा माझ्या अर्धा किलोच्या चुकीचाच दुसरा अवतार. फुजीच्या एक्स माउंटला फुल-फ्रेमची वाट नाही. त्यामुळेच कंपनीने एपीएस-सीच्या चांगल्या लेन्सवर लक्ष दिलं, असं मला वाटतं.

पाचवी पायरी: लेन्स कोणत्या क्रमाने घ्यायच्या

किट झूम बॉडीसोबत स्वस्तात मिळत असेल तर घ्या. तिला नाव ठेवायची पद्धत आहे, पण निकॉनची १६-५० मि.मी. १३५ ग्रॅमची आणि सोनीची १६-५० मि.मी. (पहिली आवृत्ती) ११६ ग्रॅमची आहे. उजेडात त्या चोख काम करतात. सॉफ्टवेअरने कडांचा वाकडेपणा सुधारलेला असतो, ही त्यांच्याविरुद्धची जुनी तक्रार. आजच्या बहुतेक लहान लेन्सची रचनाच ती सुधारणा गृहीत धरून होते. कोपरे ताणले जाऊन थोडे मऊ (कमी स्पष्ट) होतात, बदल्यात लेन्स लहान होते. मला हा सौदा मान्य आहे. ताऱ्यांचे फोटो काढणाऱ्याला नसेल.

दुसरी लेन्स म्हणजे एक उजळ प्राइम, आणि तिचा कोन पहिल्या पायरीतल्या मोजणीनेच ठरवायचा. किट झूमची रिंग चिकटपट्टीने एका फोकल लेंथला बांधा आणि आठवडाभर तशीच वापरा. घुसमट झाली तर तो कोन तुमचा नव्हे. मायक्रो फोर थर्ड्सवर २५ एफ १.७ किंवा ४५ एफ १.८, फुजीवर ३५ एफ २, सोनी एपीएस-सीवर सिग्माची ३० एफ १.४ यांपासून सुरुवात केलेल्याला पस्तावताना मी पाहिलेलं नाही.

तिसरी लेन्स लगेच घेऊ नका. दोन लेन्सवर सहा महिने काढा आणि प्रत्येक वेळी ‘हा फोटो निघाला नाही’ असं झालं की कारण लिहून ठेवा. कारण लांबीचं, रुंदीचं, अंधाराचं की अगदी जवळून टिपण्याचं, ते कळतं. बऱ्याचदा कळतं, की कारण लेन्सचं नव्हतंच, आपण उशिरा पोचलो होतो.

एक सावधगिरी ॲपर्चर मिटवण्याबद्दल. सेन्सर जितका लहान तितका डिफ्रॅक्शनचा (लहान छिद्रातून प्रकाश पसरण्याचा) मऊपणा लवकर येतो. मायक्रो फोर थर्ड्सवर एफ ८ च्या पुढे, एपीएस-सीवर एफ ११ च्या पुढे विनाकारण जाऊ नका. लहान सेन्सरवर डेप्थ ऑफ फील्ड आधीच जास्त मिळते, त्यामुळे गरजही क्वचित पडते.

सहावी पायरी: बॉडीत काय गाळलंय ते शोधणं

बॉडी लहान करताना कंपनी काहीतरी काढून टाकते, आणि जाहिरातीत ते लिहिलेलं नसतं. इन-बॉडी स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून बॉडीतच असलेली सोय) हा पहिला बळी. ऑलिंपसने पाच अक्षांचं स्टॅबिलायझेशन २०१२ मध्येच लहान बॉडीत बसवलं होतं, पण आजही निकॉन झेड५० मार्क २, कॅनन आर५० आणि फुजी एक्स-एम५ मध्ये ते नाही. स्टॅबिलायझेशन नसलेल्या प्राइमसोबत अंधारात हात स्थिर ठेवणं मग तुमच्यावर.

दुसरा बळी मेकॅनिकल शटर (सेन्सरपुढे प्रत्यक्ष हलणारा पडदा). पॅनासॉनिक एस९ आणि सिग्मा बीएफ यांत फक्त इलेक्ट्रॉनिक शटर आहे. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे वेगाने जाणारी वस्तू तिरकी होऊ शकते आणि काही एलईडी दिव्यांखाली फोटोत पट्टे येतात. सोनीने ए९ मार्क ३ मध्ये सगळा सेन्सर एकदम वाचणारा ग्लोबल शटर आणला आहे. ते तंत्र लहान, परवडणाऱ्या बॉडीत उतरेल तेव्हा हा मुद्दा खोडून टाकेन. तोवर खेळ किंवा रंगमंच टिपणाऱ्याने मेकॅनिकल शटर आहे ना, हे बघूनच पुढे जावं. एस९ मध्ये व्ह्यूफाइंडरही (डोळा लावून बघायची खिडकी) नाही. भर उन्हात मागच्या पडद्यावर काही दिसत नाही तेव्हा त्याची आठवण येते.

सिग्मा बीएफमध्ये मेमरी कार्डाची खाचही नाही, २३० जीबी आतच आहे. रचना म्हणून देखणी. मला मात्र काढता येणारं कार्ड हवं.

सातवी पायरी: सेकंडहँड घेताना

लहान सिस्टीममध्ये जुन्या लेन्स घेणं सर्वांत फायद्याचं, कारण लोक बॉडी बदलताना पूर्ण संच काढतात. लेन्स हातात आली की टॉर्च एका टोकातून मारून दुसऱ्या टोकातून बघा. जाळीसारखे धागे म्हणजे बुरशी, दुधाळ पडदा म्हणजे हेझ. यांपैकी काहीही दिसलं तर सरळ परत द्या. धुळीचे चार कण मात्र फोटोत कधी दिसत नाहीत.

मग लेन्स बॉडीवर लावून लांबच्या सपाट दृश्याचा फोटो ॲपर्चर पूर्ण उघडून काढा. चारही कोपरे मोठे करून बघा. सगळे सारखे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव, एकच कोपरा मऊ असेल तर आतली काच सरकली आहे. लेन्स नुसती हातात धरून फोकस रिंग तपासू नका. बहुतेक मिररलेस लेन्समध्ये रिंगचा काचेशी थेट संबंध नसतो, वीज मिळाल्याशिवाय ती नुसतीच फिरते. आणि दुसऱ्या कंपनीची लेन्स असेल तर फर्मवेअर (लेन्समधलं सॉफ्टवेअर) अपडेट करायची सोय आहे का ते विचारा. नवी बॉडी आली की जुन्या फर्मवेअरची लेन्स अडते.

जुन्या डीएसएलआर (आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या) लेन्स ॲडॉप्टरने लावणं शक्य आहे, आणि कॅनन ईएफ लेन्स आरएफवर उत्तम चालतात. निकॉनच्या एफटीझेड ॲडॉप्टरमध्ये मोटर नाही, त्यामुळे एएफ-डी (स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या) लेन्सवर फोकस हातानेच करावा लागतो. पण ॲडॉप्टर म्हणजे लांबी आणि वजन. टेलिफोटोपुरतं ठीक, रोजच्या लेन्ससाठी नाही.

ज्यांच्याकडे बंद पडलेल्या सिस्टीमचा संच आहे

विकायची घाई करू नका. कंपनीने उत्पादन थांबवलं म्हणून लेन्स रात्रीतून मऊ होत नाही. ईओएस एमची २२ मि.मी. एफ २ आजही १०५ ग्रॅमची गोड लेन्स आहे. आधी दोन जास्तीच्या बॅटऱ्या घेऊन ठेवा, कारण बंद सिस्टीम बहुतेक वेळा बॅटरीपाशी अडते. एखादी चांगल्या अवस्थेतली सेकंडहँड बॉडी स्वस्तात दिसली तर तीही. ज्या लेन्स गेल्या वर्षात एकदाही लागल्या नाहीत त्या लगेच विका, कारण त्यांचा भाव फक्त खालीच जाणार. रोजची लेन्स आणि बॉडी मात्र शटर बंद पडेपर्यंत वापरा, आणि त्या दिवशी पुन्हा पहिल्या पायरीवरच्या शंभर फोटोंपासून सुरुवात करा. तेव्हाची मोजणी आजच्यापेक्षा वेगळी निघाली तर नवल वाटून घेऊ नका. माझी दोनदा निघाली.